दोन हजारांच्या आतले रोजचे शूज: ऑनलाइन मागवावेत की दुकानात जाऊन घ्यावेत?

नऊनंबरी (धागाकर्ता)

ऑफिस, लोकल, भाजीबाजार एवढ्यासाठी दोन हजारांच्या आतले कॅज्युअल शूज हवे असतील तर ते ऑनलाइनच घ्यावेत. 'दुकानात पायात घालून बघता येतात' हा मुद्दा फार फुगवला जातो. दुकानात आपण गुळगुळीत लादीवर चार पावलं टाकतो आणि आपला नंबर संपलेला असला की 'साहेब, दोन दिवसांत सैल होईल' ऐकून पैसे मोजतो. घरी तोच जोडा आपल्या मोज्यांवर, संध्याकाळी पाय फुगलेले असताना, तासभर घालून बघता येतो.

अट एकच, नंबर विसरायचा आणि मिलिमीटर धरायचे. ए-फोर कागदाची आखूड बाजू भिंतीला टेकवा. कागद २९७ मिमी लांब असतो, बहुतेकांचा पाय त्यात मावतो. टाच भिंतीला, वजन दोन्ही पायांवर. सगळ्यात पुढे आलेल्या बोटाशी खूण करा, मग तो अंगठा असो की शेजारचं बोट. पेन्सिल काटकोनात उभी हवी. तिरकी धरली की तीन-चार मिमी खाते, आणि अर्धा नंबर म्हणजे जेमतेम सव्वाचार मिमी. दोन्ही पाय मोजा, मोठा धरा, त्यात १० ते १२ मिमी मिळवा आणि मगच साइज चार्ट उघडा.

कोरडा मोजा

असहमत. लांबीत फार कमी लोक फसतात, फसतात ते रुंदीत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात ७९ ठिकाणी एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले. आपले पाय युरोपी-अमेरिकी पायांपेक्षा रुंद निघाले. त्यावरूनच 'भा' ही देशी मापपद्धत सुचवली गेली. तुमच्या ऑनलाइन चार्टमध्ये रुंदीचा रकाना असतो का? मग माणूस काय करतो, करंगळीला चावतो म्हणून एक नंबर मोठा मागवतो. त्यात चवडा मावतो, पण जोडा जिथे वाकायला हवा ती जागा पुढे सरकते आणि टाच मागून निसटते. दादरचा जिना अशा जोड्यात उतरून दाखवा.

दुकानात याला दोन मिनिटं पुरतात. आतला सुकतळा बाहेर काढा, जमिनीवर ठेवा, त्यावर उभे राहा. पुढे बोटाच्या रुंदीएवढी जागा उरली पाहिजे आणि पायाची कड सुकतळ्याबाहेर सांडता कामा नये. सांडली तर तो जोडा तुमचा नाही, कितीही आवडला तरी.

नऊनंबरी

सुकतळा घरीही काढता येतो हो. त्यासाठी बांद्र्याला लिंकिंग रोडवर कशाला जायचं?

कोरडा मोजा

सुकतळा चिकटवलेला असला तर? हजाराच्या आतल्या मालात बरेचदा असतो. ओढून काढला की फोम फाटतो आणि रिटर्न गेला. दुकानात निदान दुसरा जोडा मागता येतो.

बार्लीकॉर्न

चार्टबद्दल थोडं, कारण खरी गोची तिथे आहे. यूके नंबर हा पायाचा नसतोच. तो कलबुताचा, म्हणजे ज्या साच्यावर जोडा चढवतात त्याचा असतो. मोठ्यांसाठी हिशोब असा: नंबरात २५ मिळवा, तिनाने भागा, कलबुताची लांबी इंचात मिळते. यूके ८ म्हणजे बरोबर ११ इंच, २७९ मिमी. यूके ७ म्हणजे २७१. प्रत्येक नंबरात साडेआठ मिमीची उडी.

आता पाय २६२ मिमी असेल तर नऊनंबरींच्या हिशोबाने २७४ हवेत. ७ घेतला तर ९ मिमी उरतात, उतारावर अंगठा आपटतो. ८ घेतला तर १७ उरतात, टाच हलते. हवा असतो साडेसात, आणि स्वस्तात अर्धे नंबर सहसा मिळत नाहीत. अशा वेळी ८ घेऊन वर ३ मिमीचा सुकतळा घालावा, ७ घेऊन सैल होण्याची वाट बघू नये. कापड थोडं ताणतं, पण लांबी वाढत नाही.

दुसरं म्हणजे एका चार्टमध्ये '२६.५ सेंमी' हे पायाचं माप असतं, दुसऱ्यात जोड्याच्या आतलं. कुठलं ते लिहिलेलं नसेल तर त्या कंपनीच्या एखाद्या जुन्या, बरोबर बसणाऱ्या जोड्याशी ताडून बघा, नाहीतर सोडून द्या.

पोटमाळा

माप-माप काय करताय, आधी सोल कशाचा आहे ते बघा. 'रबर सोल' असं लिहितात आणि फोटोत असतो अखंड ईव्हीए, म्हणजे फोमसारखं हलकं प्लास्टिक. ईव्हीए हलका, मऊ आणि स्वस्त, पण जूनमध्ये स्टेशनच्या ओल्या लादीवर घसरतो. तळाचा फोटो मोठा करून बघा. टाचेखाली आणि चवड्याखाली वेगळ्या रंगाचे रबराचे तुकडे चिकटवलेले दिसले तर ठीक. तळाचा फोटोच नसेल तर तो मुद्दाम ठेवलेला नाही असं समजा, विसरलेला नव्हे.

आणि पीयू (पॉलियुरेथेन) सोल जुना घेऊच नका. दमट हवेत पीयू आतून विघटित होतो, न वापरता. पेटीतला जोडा वरून कोरा करकरीत दिसतो आणि पंधरा दिवसांत सोलचा चुरा पडायला लागतो. पेटीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं, ते वाचा. दीड-दोन वर्षांपूर्वीचं असेल तर परत पाठवा. भिवंडीच्या गोदामात किती पावसाळे काढलेत कोण जाणे.

नऊनंबरी

आणि दुकानाचा माळा काय वातानुकूलित असतो? तुमचं टोपणनावच पोटमाळा आहे! उलट सेलमध्ये जुना माल आला तर ऑनलाइनवाला परत तरी घेतो.

कोरडा मोजा

घेतो, पण का घेतो हे बघा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीपेक्षा वेगळा असेल तर विक्रेत्याला तो परत घ्यावाच लागतो. 'पायाला बसत नाही' हे त्यात येत नाही. ती संबंधित साइटच्या धोरणाची मेहेरबानी आहे आणि ते धोरण जोड्याजोड्याला बदलतं. एकावर पैसे परत, दुसऱ्यावर फक्त बदली, सेलमधल्या तिसऱ्यावर काहीच नाही. किमतीखालची ती बारीक ओळ वाचणारे किती?

बार्लीकॉर्न

हे मान्य. म्हणून आल्या आल्या क्रम ठरलेला हवा. पेटी फोडतानाचा व्हिडिओ. टॅग तोडायचा नाही. कंपनीच्या पेटीवर थेट चिकटपट्टी लावायची नाही, पिकअपवाला त्यावरूनच परत जातो. चादरीवर किंवा वर्तमानपत्रावर चाला, सोलला धूळ लागू देऊ नका. मग जोडा हातात धरून वाकवा. चवड्याशी वाकला पाहिजे. मधोमध घडी पडली तर कमानीला आधार नाही. टाचेमागचा भाग अंगठ्याने दाबा, लगेच चेपला तर महिन्या-दोन महिन्यांत बसका होईल. सदोष माल असून विक्रेता ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

अवांतर: २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोडीवर जीएसटी ५ टक्के आहे, आधी हजारांवरच्याला १८ होता. त्यामुळे ९९९ च्या आतच बसवायचा हट्ट आता सोडायला हरकत नाही. दोन-चारशे जास्त घालून रबराचा तळ मिळत असेल तर घालावेत.

पोटमाळा

+१, तळाबद्दल. आणि सोल सुटला की मोच्याकडे 'शिलाई मारून द्या' म्हणू नका. चिकटवलेल्या सोलला टाके मारले की प्रत्येक भोकातून पाणी आत. ईव्हीए असेल तर आधी खरवडून प्रायमर (सोल्यूशन धरून ठेवणारा पहिला हात) लावायला सांगा. नुसतं सोल्यूशन लावलं तर ते पापडासारखं सुटून येतं.

कोरडा मोजा

तर मग नऊनंबरी, एवढं सगळं करूनही पाय रुंद असलेल्याने काय करायचं, ते अजून सांगितलेलं नाहीत.

नऊनंबरी

रुंदीवर चार्ट मुका आहे, हे कबूल. रुंद पायवाल्यांनी पहिला जोडा दुकानात, सुकतळ्यावर उभं राहूनच घ्यावा. पेटीवरचा मॉडेल नंबर लिहून ठेवावा आणि दुसऱ्या वेळेपासून तेच मॉडेल ऑनलाइन मागवावं. थोडंच आवळत असेल तर नाडी खालच्या पहिल्या भोकांतून घालून पुढच्या जोडीला आडवी न नेता सरळ वर चढवा, चवड्यावरचा ताण सुटतो. पण मॉडेलच्या नावापुढे नवा आकडा लागला असेल तर कलबूत बदललेलं असू शकतं. तेव्हा पुन्हा कागद आणि पेन्सिल.

कोरडा मोजा

म्हणजे पहिला जोडा दुकानातच. धाग्याचं शीर्षक बदला.