मदत हवी आहे : कॉलेजच्या हॅम रेडिओ क्लबसाठी

नमस्कार मंडळी. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात यंदा हॅम (म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा) क्लब पुन्हा सुरू केलाय. टेपमेजरच्या पात्या पीव्हीसी पाइपवर बसवून यागी (एका दिशेचे सिग्नल जास्त पकडणारा) अँटेना केला. अंतराळ स्थानक डोक्यावरून जाताना १४५.८०० मेगाहर्ट्झवर खरखरीतून आवाज उमटला, तेव्हा गच्चीवर सगळे चिडीचूप! पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांचा 'स्वयम्' उपग्रह २०१६ मध्ये झेपावला, तेव्हापासून मला हे वेड आहे.

आता अडलंय कुठे, तर ७.१ मेगाहर्ट्झच्या डायपोलवर, म्हणजे मधोमध केबल जोडलेल्या तारेच्या अँटेनावर. दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर तार आहे, तरी एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते त्याचं माप, एकच्या जवळ हवं) तीनच्या खाली येत नाही. तार स्लॅबपासून जेमतेम चार मीटरवर आहे, शेजारी लोखंडी टाकी. दोष उंचीचा, टाकीचा की बालून (केबल आणि अँटेना यांचा मेळ घालणारा भाग) नसल्याचा? आधी काय तपासू? लायसन्स सरांकडे आहे, त्यांच्या देखरेखीखालीच हे चाललंय.

दुसरं म्हणजे, बारा मुलांना रिस्ट्रिक्टेड ग्रेडची (हॅम लायसन्सच्या खालच्या श्रेणीची) परीक्षा द्यायची आहे. त्याला मोर्स संकेतलिपी लागत नाही, पण थिअरीला बरीच मुलं घाबरतात, गावाकडून आलेली तर जास्तच. कुणाकडे मराठीत टिपणं असतील, हाताने लिहिलेली असली तरी, कृपया द्या. एखादे अनुभवी हॅम रविवारी तासभर शिकवायला येतील का?