पाणी पडलं की कंपोझिट डेक निसरडा होतो: दोष फळीचा की वरच्या थराचा?

ओसरी (प्रश्न)

6 मीटर लांब, 3 मीटर रुंद असा कंपोझिट डेक आहे आणि उतरायला तीन पायऱ्या. फळ्या भरीव, 140 मिमी रुंद. गाभा लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांचा, वर आणि दोन्ही कडांना प्लास्टिकची कॅप, म्हणजे आवरण. वरची बाजू लाकडाच्या रेषांची आहे, खालची खाचांची. बसवून दोन वर्षं झाली.

कोरड्यात काही तक्रार नाही. भुरभुर पाऊस किंवा दव पडलं की झाडाखालचा भाग आणि पायऱ्या इथे पाय सटकतो. उघड्यावरचा भाग त्या मानाने बरा. जोराच्या पावसात त्रास उलट कमी होतो, हे कोडंच आहे. माहितीपत्रकात "आर 10" आणि "पीटीव्ही 62, कोरडे" असं लिहिलंय.

फळ्या उलट्या करून खाचांची बाजू वर घ्यावी का? पॉलिश पेपर मारावा की घसरणरोधक रंग लावावा? पायऱ्यांवर चिकटपट्टी चालेल का?

ओळंबा

आधी आकडे बघू, कारण माहितीपत्रकातले दोन्ही आकडे तुमच्या प्रश्नाचं उत्तर देत नाहीत.

पीटीव्ही हा लंबक चाचणीचा आकडा. रबराची पट्टी लावलेला हात ठरावीक उंचीवरून सोडतात, पट्टी पृष्ठभागाला घासून जाते, आणि घासण्यात जितकी ऊर्जा खर्च झाली तितका हात पलीकडे कमी चढतो. कोरड्यावर जवळपास कुठलीही फळी पास होते. तुम्ही ओल्यावरचा आकडा मागवा. 24 पर्यंत असेल तर घसरण्याचा धोका मोठा, 25 ते 35 मध्यम, 36 पासून पुढे कमी. आकडा हातात आला की रबर कोणतं वापरलं तेही विचारा. चपला-बुटांसाठी 96 क्रमांकाचं कडक रबर असतं, अनवाणी पायांसाठी 55 क्रमांकाचं मऊ. शिवाय रेषा किंवा खाचा असलेल्या फळीवर लांबीत, आडवं आणि 45 अंशांत असं तिन्हीकडून मोजतात. त्यातला सगळ्यात कमी आकडा खरा धरायचा. पत्रकात एकच आकडा असेल तर तो बहुधा सोयीच्या दिशेचा असतो.

"आर 10" ही वेगळीच चाचणी आहे. उतरत्या फळीवर इंजिन ऑइल ओततात, खोल नक्षीच्या तळव्याचे बूट घालून माणूस चालतो आणि उतार वाढवत नेतात. 6 ते 10 अंशांत घसरला तर आर 9, 10 ते 19 ला आर 10, 19 ते 27 ला आर 11. मोजपट्टी 9 पासूनच सुरू होते, म्हणजे आर 10 ही खालून दुसरी पायरी झाली. अनवाणी वापरासाठी साबणाच्या पाण्यावरची ए, बी, सी अशी वेगळी प्रतवारी आहे: किमान 12, 18 आणि 24 अंश. पोहण्याच्या तलावाकाठी बी किंवा सी मागा, तिथे "आर"चा उपयोग नाही. उतारावरच्या या दोन्ही चाचण्या आणि लंबक आता 2021 च्या ईएन 16165 या एकाच मानकात आहेत, त्यामुळे अहवालावर मानकाचा क्रमांक आणि पद्धत दोन्ही बघा.

आता खाचांबद्दल. ओल्यात पाय घसरतो तो तळवा आणि फळी यांच्यात पाण्याचा पातळ पडदा राहतो म्हणून. तो पडदा फोडायचं काम बारीक खरखरीतपणा करतो, मायक्रॉनमध्ये मोजायचा असा. स्वच्छ पाण्यासाठी आरझेड हे खरखरीतपणाचं माप 20 मायक्रॉनच्या वर असेल तर बरं, 10 च्या खाली असेल तर धोका. खाच 3 मिमी खोल असली तरी पाय टेकतो तो दोन खाचांमधल्या माथ्यावर, आणि तो माथा काचेसारखा असेल तर खाच काही वाचवत नाही.

रंधा

जोराच्या पावसापेक्षा भुरभुरीत जास्त घसरतं, यातच निम्मं उत्तर आहे. फळीच मुळात गुळगुळीत असती तर सगळीकडे आणि सगळ्या पावसात सारखंच घसरलं असतं. झाडाखाली पानांचा रस, परागकण, धूळ आणि शेवाळ यांचा थर बसतो. थोड्या पाण्यात तो साबणासारखा सुटतो, जास्त पाण्यात थोडाफार वाहून जातो. डोळ्यांना तो बऱ्याचदा दिसतही नाही. ओल्या फळीवर पांढरं फडकं दाबून ओढा. हिरवट किंवा करडा पट्टा उठला तर थर आहेच.

काहीही खरेदी करण्याआधी ही तपासणी करा. झाडाखाली जिथून रोज ये-जा होते तिथे 30 सेंमी बाय 30 सेंमीचा चौकोन स्वच्छ धुवा, शेजारचा तसाच ठेवा. बसवताना उरलेला फळीचा तुकडा असेल तर तो तिसरा नमुना. तिन्हींवर सारखं पाणी शिंपडा, कठड्याला धरून एकच बूट तिन्हींवर दाबून सरकवा. धुतलेला चौकोन नव्या तुकड्याइतकी पकड देत असेल तर दोष थराचा, म्हणजे धुऊन भागेल. धुतल्यावरही नव्या तुकड्यापेक्षा जास्त सटकत असेल तर वर्दळीने कॅपची नक्षी झिजली आहे. आणि नवा तुकडासुद्धा सटकत असेल तर फळीच तशी आहे. कितीही धुवा, त्या जागी वेगळा उपाय करावा लागेल.

धुण्याची रीत सांगतो. कोरडं झाडून घ्या, फळ्यांमधल्या फटींत अडकलेला पाला प्लास्टिकच्या पट्टीने काढा. धातूची पट्टी नको, कॅपवर ओरखडा उठतो. शेजारच्या झाडांवर आधी साधं पाणी मारून ठेवा. मग कोमट पाण्यात सोडियम परकार्बोनेट (ऑक्सिजन ब्लीचची पूड), लिटरला साधारण 30 ते 60 ग्रॅम. डब्यावर वेगळं प्रमाण असेल तर ते धरा. हातमोजे आणि चष्मा घाला. द्रावण लागेल तेवढंच बनवा, काही तासांत त्याचा जोर जातो. उरलेलं झाकणबंद बाटलीत मुळीच ठेवू नका, वायू सुटत राहतो आणि बाटली फुटू शकते. क्लोरीनच्या ब्लीचबरोबर किंवा ॲसिडबरोबर मिसळू नका. फळीवर 10 ते 15 मिनिटं ओलं राहू द्या, वाळू लागलं तर पाणी शिंपडा. मग नायलॉनच्या ब्रशने रेषांच्या दिशेने घासा, आडवं नाही, कारण घाण रेषांच्या तळाशी असते.

शेवटी पाणी मारताना कंजुषी नको. इथेच बहुतेकांचं काम बिघडतं. फेस दिसेनासा झाल्यावर आणखी एकदा धुवा. फटींत राहिलेलं द्रावण पुढच्या पावसात वर येतं आणि आदल्या दिवशी घासलेला डेक आधीपेक्षा निसरडा वाटतो. प्रेशर वॉशर वापरायचा तर पंख्यासारखा फवारा, तोंड 25 ते 30 सेंमी लांब, आणि दाब फळीच्या कंपनीने सांगितलेल्या मर्यादेत; बऱ्याच कंपन्या 100 बारच्या आसपास थांबायला सांगतात. गोल फिरणारं टोकदार नोझल कॅपवर कायमच्या रेघा उठवतं.

तेलाचे डाग (सनस्क्रीन, भाजण्याच्या शेगडीचं तेल) परकार्बोनेटने नीट जात नाहीत. त्यांना भांड्यांचा साबण आणि गरम पाणी, तेही त्याच दिवशी.

पाणसळ

फळ्या उलट्या करू नका. तुमची कॅप तीनच बाजूंना आहे, म्हणजे खालची खाचांची बाजू उघडा गाभा आहे. तो वर आला की भुसा पाणी पिणार, खाचांत माती बसणार आणि सावलीत शेवाळ आतापेक्षा लवकर धरणार. चारही बाजूंना कॅप असलेली आणि दोन्हीकडून वापरायची म्हणून विकलेली फळी असेल तरच उलटण्यात अर्थ आहे.

पॉलिश पेपरही नको, कॅप एकदा फाटली की परत येत नाही. बिनकॅपच्या भरीव फळीची गोष्ट वेगळी. ती 40 ते 60 नंबरच्या कागदाने लांबीच्या दिशेने हलकी खरवडली तर पकड सुधारते. रंग उजळतो आणि काही महिन्यांत परत जुळतो.

रंग आणि चिकटपट्टी दोन्ही एकाच कारणाने फसतात. बहुतेक कॅप पॉलिथिलीनच्या जातीच्या असतात आणि पॉलिथिलीनला सहसा काही धरत नाही. पट्टीची कड उचलली जाते, खाली पाणी शिरतं, मग पट्टी पायाबरोबर सरकते. पायरीवर अशी अर्धवट सुटलेली पट्टी साध्या ओल्या फळीपेक्षा घातक.

पाणी थांबतंय का तेही बघा. उतार मीटरला 10 मिमी हवा, आणि खाचांच्या किंवा खोल रेषांच्या फळीला तो लांबीच्या दिशेनेच हवा. आडव्या उताराने खाचेतलं पाणी हलत नाही. फळ्यांमधली फट 5 ते 6 मिमी मोकळी ठेवा. खालून हवा खेळत नसेल तर डेक पाऊस थांबल्यावरही तासन् तास ओला राहतो आणि शेवाळाला तेवढंच हवं असतं. झाडाची एखादी खालची फांदी छाटून ऊन आत आलं तर फरक पडतो.

ओसरी

तपासणी केली. झाडाखालचा धुतलेला चौकोन आणि उरलेला तुकडा सारखेच आहेत, म्हणजे तिथे थरच होता. पायऱ्या धुतल्या, पण पुढच्या कडेवर अजून सटकतं. हात फिरवला तर रेषा लागतच नाहीत. पायऱ्या 1.2 मीटर लांब आहेत. पट्टी कोणती आणि कशी बसवायची? शेजारून व्हीलचेअरसाठी 1:12 चा उतारही करायचा आहे, त्याला हीच फळी चालेल का?

पाणसळ

खडी बसवलेली फायबरग्लासची पट्टी घ्या, 50 मिमी रुंद, फळीपेक्षा वेगळ्या रंगाची म्हणजे कड दिसेल. ती पायरीच्या अगदी पुढच्या कडेला हवी. उतरताना पाय कडेवरच टेकतो, 5 सेंमी मागे बसवलेली पट्टी पायाखाली येतच नाही. मागची कड तिरकी घासलेली असावी, नाहीतर बुटाचं टोक अडकतं.

फळी आणि पट्टी उन्हात सारख्या वाढत नाहीत. 1.2 मीटरच्या फळीत 30 अंशांच्या फरकाने साधारण दीड मिमी फरक पडतो, फायबरग्लासमध्ये त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतका. म्हणून मधलं छिद्र स्क्रूच्या मापाचं आणि बाकीची लंबगोल ठेवा. स्क्रू स्टेनलेसचे, 4 मिमी जाड, दर 25 सेंमीला एक, टोकापासून 4 सेंमी आत. फळीत आधी 3 मिमीचं छिद्र पाडा. डोकं पट्टीच्या पातळीला आलं की थांबा; जास्त आवळलं तर पट्टी तडकते आणि फळीतला आटा घसरतो. पायरी दोन फळ्यांची असेल तर एक पट्टी दोन्हींना जोडून बसवू नका, मधली फट सरकायला मोकळी राहिली पाहिजे. फायबरग्लास कापताना मास्क लावा.

ओळंबा

उताराला पीटीव्हीचा आकडा वाढवून धरायचा. 1:12 म्हणजे शंभराला सव्वाआठ, तेवढे 36 मध्ये मिळवा. ओल्यात, 96 च्या रबराने, उताराच्या दिशेने किमान 45 हवेत. तुमच्याकडे ओल्यावरचा आकडाच नाही, त्यामुळे तो अहवाल येईपर्यंत ही फळी उताराला मागवू नका. अहवालात 36 ते 44 निघाले तर सपाट डेकला ती ठीक, उताराला मात्र पूर्ण रुंदीची खडीची फायबरग्लास जाळी किंवा खडीच्या पट्ट्या आत बसवून आलेली फळी घ्या.