मदत हवी आहे: इंदूरच्या घराच्या भिंतीवर लाल फुली मारून गेलेत, स्टे (कोर्टाची स्थगिती) मिळेल का?

ओटलेवाला
मल्हारगंज भागात आमचं जुनं घर आहे. परवा रस्तारुंदीच्या मोजणीची माणसं आली आणि चौकटीपासून अकरा फूट आत, बैठकीच्या भिंतीवर लाल फुली मारून गेली. कागद काही दिला नाही. बाबा दोन रात्री झोपलेले नाहीत. आपल्या मालकीचं घर कुणी असं पाडू शकतं का? स्टे किती दिवसांत मिळतो? मी सुरतला असतो, सुट्टी दोनच दिवस आहे. लवकर सांगा.

सरिता_रामबाग
दादा, घर कुणाच्या नावावर? रजिस्ट्री आहे की नजूलचा (सरकारी जमिनीचा) पट्टा? नोटीस आली होती का?

ओटलेवाला
घर आमचंच आहे, आजोबांनी 1938 साली घेतलेलं. नोटीस नाही. स्टेचं सांगा ना.

मोडीवाचक
1938 म्हणजे होळकरांचा काळ. मोडीत कागद असतील तर फोटो टाका, मी वाचून देतो.

हक्काचा_माणूस
घाबरू नका. 15 दिवसांची नोटीस दिल्याशिवाय पाडता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 13 नोव्हेंबर 2024 चा निकाल आहे. हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात सरळ रिट याचिका टाका.

निवृत्त_ओव्हरसियर
तो निकाल विनापरवाना बांधकामाचा, आणि रस्त्यावरच्या अतिक्रमणाला तो लागू नाही असं त्यातच म्हटलंय. इथे घर कायदेशीर आहे. मध्य प्रदेश नगर पालिक निगम अधिनियम, 1956 चं कलम 305 वाचा. रस्त्याच्या ठरलेल्या रेषेपुढे आलेला ओटला, पायऱ्या, व्हरांडा नोटीस देऊन केव्हाही काढायला लावता येतो. मुख्य इमारतीचं तसं नाही. तिचा बराचसा भाग पडला, जळला किंवा उतरवला गेला, तरच मागे सरका म्हणता येतं. बैठकीची भिंत म्हणजे ओटला नव्हे. म्हणून हात जोडून सांगतो, भीतीपोटी स्वतः हातोडा मारू नका. आपण पाडलं की आपलाच मुद्दा गेला.

मालव्याचा_मी
उलट स्वतः तोडलेलंच बरं! आमच्या मावशीने तोडलं नाही, मशीनने मागची भिंतही तडकली. गेलेल्या जागेच्या बदल्यात वाढीव एफएआर (जास्तीच्या बांधकामाची परवानगी) घ्या, वर मजला चढवा. शहराला रस्ते नकोत का?

निवृत्त_ओव्हरसियर
हवेत की. माझी अर्धी नोकरी रस्त्यांवर गेली. पण रस्ता हवा म्हणून घर फुकट घेता येत नाही. 1978 च्या घटनादुरुस्तीनंतर मालमत्ता मूलभूत हक्क उरला नाही, तरी कायद्याच्या आधाराशिवाय मालमत्ता काढून घेता येत नाही असं सांगणारं राज्यघटनेचं कलम 300अ आहेच. मे 2024 मध्ये कोलकाता महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यात काय काय येतं ते मोजून सांगितलं: नोटीस, म्हणणं ऐकून घेणं, कारणांसह निर्णय, सार्वजनिक हेतू, योग्य मोबदला, वेळेत कारवाई आणि रीतसर ताबा. एफएआर घ्यायचाच तर आधी लेखी आदेश हातात घ्या.

बडोदेकर
आमच्याकडे टीपी (नगररचना) स्कीममध्ये थोडी जमीन देऊन उरलेला प्लॉट नीट आखून मिळतो. तसंच मागा.

सरिता_रामबाग
काका, तो गुजरातचा कायदा. आणि ओटलेवाले दादा, भाडेकरू आहे का घरात? कागद त्याच्याकडे तर दिला नाही ना कुणी?

ओटलेवाला
आत्ता काकूला फोन केला. तीन आठवड्यांपूर्वी भाडेकरूने सही करून एक कागद घेतला होता, तिने पंचांगात ठेवून दिला. कलम 305 च लिहिलंय. हरकतीला 30 दिवस, त्यातले नऊ उरलेत. नाव आजोबांचं. ते 1991 ला गेले, नामांतरण केलंच नाही आम्ही.

सरिता_रामबाग
मग स्टेच्या आधी हरकत. वारस म्हणून बाबांच्या सहीने लिहा. आजोबांचा मृत्यूचा दाखला आणि मालमत्ता कराच्या पावत्या जोडा. फुलीचा फोटो टेप लावून काढा, अकरा फूट दिसले पाहिजेत. एक प्रत आवकचा शिक्का मारून परत घ्या. त्याच दिवशी वकिलाला दाखवा.

ओटलेवाला
पावत्या आईच्या ट्रंकेत आहेत. आज रात्रीच्या गाडीने निघतो. ओटला वाचेल का? बाबा संध्याकाळी तिथेच बसतात.

निवृत्त_ओव्हरसियर
ओटला जाईल. त्याची भरपाई कलम 306 खाली मागा, पण हरकतीत सगळा जोर भिंतीवर ठेवा.