मुलगी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला, पुढचं ठरवताना आम्ही नेमकं काय करावं?

नमस्कार मंडळी,

मी लोटे एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे, २२ वर्षं झाली. राहायला चिपळूणला. मोठी मुलगी यंदा बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. नव्या शैक्षणिक धोरणामुळे तिच्यापुढे यंदाच रस्ता फुटतोय. तीन वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडायचं आणि दोन वर्षांचं एम.एस्सी. करायचं, की चौथं वर्ष करून ऑनर्स घ्यायची आणि मग एक वर्षाचं एम.एस्सी.?

तिच्या मनात आयआयटीतलं एम.एस्सी. आहे. त्यासाठी जॅम नावाची परीक्षा असते हे मला तिच्या टेबलावरच्या पुस्तकावरून कळलं. मग नाईट शिफ्टला मोबाईलवर वाचून काढलं. फेब्रुवारीत परीक्षा, तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण, फॉर्म साधारण सप्टेंबरात सुटतात. तिला विचारलं तर म्हणाली, "बाबा, तुम्हाला नाही कळणार ते."

तिचा राग मला समजतो. बारावीनंतर तिला बी.फार्म करायचं होतं. प्रवेश मिळत होता, पण जिल्ह्याबाहेर. हॉस्टेल, फी, त्यात धाकट्याची दहावी, सगळं एकदम अंगावर आलं आणि मी नको म्हणालो. नुसतं नको म्हणालो. तिला जवळ बसवून हिशेब दाखवला नाही, शैक्षणिक कर्जाची चौकशी करायला बँकेची पायरीसुद्धा चढलो नाही. तेव्हापासून ती कॉलेजचं घरी फारसं बोलत नाही. ही चूक मला पुन्हा करायची नाही, म्हणूनच लिहितोय.

घरात प्रत्येकाचं वेगळं. तिच्या आईला वाटतं बी.एड. करून शाळेत लागावी. पुण्याचे माझे दादा एमपीएससी म्हणतात, पण राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, आणि शेजारचा मुलगा चार वर्षं अभ्यासिकेत बसून परत आलेला मी पाहिलाय. मला स्वतःला वाटतं तिने क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या प्रयोगशाळेत जावं. रिॲक्टरमधून सॅम्पल काढून मी रोज तिथे नेऊन देतो. लॅबचा रिझल्ट आल्याशिवाय आमची बॅच पुढे सरकत नाही, त्या कामाचा मान मला माहीत आहे. पण हे माझं वाटणं झालं. तिला काय वाटतं ते मला ऐकायचंय, आणि ते कसं विचारावं तेच कळत नाही. जेवताना विषय काढला की ती ताट घेऊन उठते.

ज्यांची मुलं या वयातून गेली आहेत त्यांनी सांगा, बोलणं सुरू कसं केलंत? पैशाचं किती उघड करावं? दोन वर्षांच्या एम.एस्सी.ला मी किती घालू शकतो हा आकडा आधीच सांगितला, तर ती स्वप्नच आखडतं घेईल अशी भीती वाटते. आणि नाही सांगितला तर बारावीचंच पुन्हा होईल.

भर, रविवारी रात्री:

सगळ्यांचे आभार. एकांनी सुचवलं की सल्ला देऊ नका, त्या क्षेत्रातल्या माणसाशी गाठ घालून द्या, आणि तेही मुलीला विचारून. आमच्या क्यूसीतल्या एक मॅडम चिपळूणलाच राहतात. मुलीला विचारलं, थोडा वेळ गप्प राहिली, मग हो म्हणाली. आज त्यांच्याकडे दीड तास बसलो. मी तोंड उघडलं नाही.

मॅडमनी काही लपवलं नाही. नव्या मुलांना आधी टायट्रेशन, मेल्टिंग पॉइंट, ओलावा तपासणं असलीच कामं मिळतात, एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) बसायला वेळ लागतो, आणि निम्मा दिवस नोंदी करण्यात जातो. मुलगी एकामागून एक विचारत होती. तिला यंत्रांची एवढी ओढ आहे हे मला आज समजलं. येताना बहादूरशेख नाक्यावर म्हणाली, "बाबा, तुम्ही सॅम्पल किती वेळाने काढता?" इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दल तिने पहिल्यांदा विचारलं.

घरी येऊन पैशाचा आकडाही सांगितला. वहीत लिहून घेतला तिने.

आता तिचाच प्रश्न इथे मांडतो, तिने सांगितलंय. जॅम ती देणारच आहे. नाही जमलं तर पदवीनंतर एक वर्ष लॅबमध्ये अप्रेंटिस म्हणून काम करून मग ॲनालिटिकल केमिस्ट्रीत एम.एस्सी. करावं, की खंड न पाडता थेट प्रवेश घ्यावा? लॅबमध्ये काम करणाऱ्यांनी किंवा माणसं घेणाऱ्यांनी उत्तर दिलंत तर फार बरं होईल. उत्तरं तीच वाचणार आहे, त्यामुळे थोडं तांत्रिक लिहिलंत तरी चालेल.