नाराची हरणं: हजार वर्षांचा वंश जपायचा की भोवतालची शेती आणि रान?

ओसाकाकर:
सात वर्षं जपानमध्ये ओसाकात राहतोय. घरून कोणी आलं की जवळच्या नारा शहरातल्या हरणांच्या उद्यानाची फेरी ठरलेली. आपल्या चितळासारखं ठिपक्यांचं शिका हरीण समोर येऊन मान लववतं आणि कोंड्याचं बिस्किट मागतं. आई तर त्यांना हात जोडून आली होती. कासुगा देवस्थानचा देव पांढऱ्या हरणावर बसून आला अशी कथा आहे, म्हणून ही हरणं देवाची दूत. पण ती पाळीव नाहीत, कोणाच्या मालकीचीही नाहीत.

2023 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नारा ज्या की द्वीपकल्पात येतं, तिथल्या 294 हरणांचे नमुने तपासले. नारा उद्यानातल्या हरणांत डीएनएची एक अशी खूण मिळाली जी आसपास दुसरीकडे कुठेच नाही. हा गट साधारण 1400 वर्षांपूर्वी वेगळा पडला असावा. भोवतालच्या डोंगरांत शिकार होत राहिली आणि हरणं संपत गेली, देवस्थानाच्या आसऱ्याला होती ती तगली. 1945 साली तीही फक्त 79 उरली होती! तिथून आज हजाराच्या वर गेली आहेत.

1957 पासून ही हरणं नैसर्गिक स्मारक म्हणून संरक्षित आहेत. तरी 2017 पासून उद्यानापासून लांबच्या क्षेत्रात त्यांना मारायला परवानगी आहे. मला हे पटत नाही. उद्यानातून चरत बाहेर गेलेली मादी तोच वंश घेऊन गेलेली असते. आधी बाहेरच्या हरणांची तपासणी करा, मग बंदूक उचला.

जागल्या:
दादा, राग मानू नका, पण तुम्ही हरणाला बिस्किट दिलंत, त्याने तुमचं पीक खाल्लेलं नाही. मी चंद्रपूरकडचा. आमच्याकडे रोही (नीलगायी) आणि रानडुकरं सोयाबीनमध्ये शिरतात, बाप अजून जागलीला जातो. एका रात्रीत अर्धा एकर गेलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. नाराच्या शेतकऱ्यांनी हेच भोगलं. 1979 मध्ये ते कोर्टात गेले, 1985 मध्ये समेट झाला, आणि त्यातूनच कुठे हरीण राखायचं आणि कुठे आवरायचं याची क्षेत्रं ठरली. म्हणजे ही वाटणी कोणा साहेबाने खुर्चीत बसून केलेली नाही. प्रत्येक हरणाची तपासणी होईपर्यंत भात कोणी राखायचा?

करवंद:
जागल्याशी सहमत. देव उद्यानात, नुकसान गावात.

सावलीचं झाड:
शेतीचं बोलणं झालं, रानाचं कोणीच काढलं नाही. उद्यानाला लागून कासुगायामाचं मूळ अरण्य आहे. तिथे 841 सालापासून वृक्षतोड आणि शिकार बंद. एवढं जुनं राखीव रान, पण आत नवी रोपं वर येईनात, कारण कोवळं काही दिसलं की हरीण खातं. वाढतं ते फक्त त्यांना न आवडणारं. नागी नावाचं झाड पसरत चाललंय. जुने वृक्ष पडतील तेव्हा त्यांच्या जागी काय उभं राहणार?

आणि वंशाचीच गोष्ट करायची तर वनस्पतींचाही वंश असतो. उद्यानात आग्यासारखी एक खाजरी वनस्पती आहे. हरणं नसलेल्या जागच्या तिच्या भावंडांपेक्षा इथल्या झाडांच्या पानांवर कितीतरी जास्त काटेरी केस असतात. बी दुसरीकडे नेऊन वाढवलं तरी हा फरक टिकतो. शतकानुशतकं हरणांनी कमी केसांची झाडं वेचून खाल्ली, केसाळ तेवढी उरली. मला ही गोष्ट त्या 1400 वर्षांइतकीच थक्क करते.

हरणांना खाणारं आता कोणी नाही, हेही लक्षात घ्या. जपानचा शेवटचा लांडगा 1905 मध्ये मारला गेला, तोही याच नारा प्रांतात. आता देशभर वर्षाला सात लाखांच्या आसपास हरणं पकडली-मारली जातात, तरी अंकुश बसत नाही.

सूत्रकण:
ओसाकाकर, तुमच्या मुद्द्यातली एक गल्लत दाखवतो. ती खूण मायटोकाँड्रियाच्या डीएनएमधली आहे, म्हणजे फक्त आईकडून येणारी. शिकाच्या माद्या जन्मल्या जागेच्या आसपास राहतात, नर लांब भटकतात. म्हणून आईची रेघ एका जागी शतकानुशतकं टिकू शकते, आणि त्याच वेळी बाहेरचा नर येऊन बाकीच्या जनुकांत भर घालून जाऊ शकतो. त्या अभ्यासात केंद्रकातला, म्हणजे आई-बाप दोघांकडून येणारा डीएनएही पाहिला होता आणि त्यातही नाराचा गट वेगळा दिसला, हे तुमच्या बाजूचं. पण 'शुद्ध' हा शब्द मी वापरणार नाही.

जनुकांची सरमिसळ खरोखर कुठे बोचते ते स्कॉटलंडमध्ये पाहा. किंटायरमध्ये 1893 साली शिका आणून सोडली. ती तिथल्या मोठ्या लाल हरणाशी संकर करतात आणि ती पिल्लंही प्रजननक्षम असतात. काही ठिकाणी तर दिसण्यावरून सांगताच येत नाही की हे हरीण नेमकं कोणतं. तिथे एक जात दुसरीत विरघळते आहे. नारात दोन्हीकडे शिकाच आहेत. बाहेरचा गट आत मिसळला तर स्थानिक वेगळेपण जाईल, जात जाणार नाही. तोटा आहेच, पण त्याचं वजन वेगळं.

ओसाकाकर:
'शुद्ध' मी म्हटलं नव्हतं, पण मनात तेच होतं, कबूल. आग्याची गोष्ट मला माहीत नव्हती, पुढच्या खेपेला त्या पानांकडे बघेन (हात न लावता!).

पण एक सोडत नाही. तैवानमध्ये डच व्यापाऱ्यांच्या काळापासून कातड्यांसाठी शिका मारली, पुढे त्यांची राहण्याची जागाही गेली, आणि 1969 च्या सुमारास रानातली शेवटची संपली. नंतर तैपेईच्या प्राणिसंग्रहालयातली हरणं घेऊन 1984 मध्ये केंटिंगला पैदास सुरू केली आणि 1994 पासून रानात सोडली. पिंजऱ्यात काही उरली होती म्हणून ते जमलं. नाराचा गट दुसऱ्या कुठल्या पिंजऱ्यात नाही. मारलेल्या हरणाचा कानाचा तुकडा तपासायला किती खर्च येतो? मारणं थांबवू नका, पण आपण कोणाला मारतोय हे तरी कळू दे.

जागल्या:
हे मान्य. मारल्यावर तपासा, आधी नको. आणि तपासणीत उद्यानाचाच वंश जास्त निघाला, तर कुंपण उद्यानाला घाला, आमच्यासारख्यांच्या शेताला नको.

सावलीचं झाड:
उद्यानाला कुंपण घातलं तर सगळी हरणं कासुगायामाच्या बाजूला दाटतील, जागल्या. मग ते रान दहा वर्षंही टिकायचं नाही. कुंपण रानाभोवती घाला, तेही तुकड्या-तुकड्यांनी, रोपं डोक्याएवढी होईपर्यंत.