दात येतायत की कान दुखतोय?

जुळे सोलापूरची आई:
लेक १० महिन्यांची. गड्ड्याच्या जत्रेला जाऊन आल्यापासून नाक गळतंय, धुळीनं असेल म्हणून सोडून दिलं. आता तीन रात्री झाल्या, पाठीवर निजवली की किंचाळून उठते, खांद्यावर घेतलं की गप्प. दूध दोन घोट ओढते, तोंड फिरवून रडते. डावा कान सारखा धरते. काल ताप १०१. सासूबाई म्हणतात दातच आहेत, लसणाचं कोमट तेल सोड कानात. काय करू?

होटगी रोडची आई:
तेल नको बाई! थोरल्याच्या वेळी मीच सोडलं होतं. सकाळी उशीवर पिवळा डाग आणि पोरगा मजेत खेळतोय. मला वाटलं, तेलानं गुण आला. कसला गुण! कान फुटला होता. पडद्याला भोक पडून पू बाहेर आला, आतला दाब गेला, म्हणून ठणका थांबला. पडदा भरून आला नंतर. पण आत पाणी साचून राहिलेलं, दोनेक महिने मागून हाक मारली तर वळायचा नाही. हट्टी झालाय म्हणून मी धपाटे घातले, ते अजून आठवतं.

नुसता कान ओढणं दातानंही होतं, झोप आली तरी पोरं ओढतात. पण सर्दीमागून ताप आणि आडवं केल्यावर रडणं, म्हणजे कान बघून घ्यायचाच. गिळताना कानात दाब बदलतो, दूध त्यामुळं सोडत असेल.

निवृत्त सिस्टर:
नाकामागून कानात जाणारी नळी या वयात आखूड आणि आडवी असते, सर्दी तिथूनच कानात चढते. बाटली देत असशील तर डोकं उंच धरून पाज. ठणक्याला पॅरासिटामॉल चालतं, पण डोस वजनावर, डॉक्टरांना विचारून. मागच्या खेपेची उरलेली अँटिबायोटिकची बाटली काढू नको. आणि कानामागं सूज दिसली, कान पुढं आल्यासारखा वाटला किंवा लेकरू मलूल पडलं, तर सकाळची वाट बघू नको, रात्रीच सिव्हिल गाठ.

जुळे सोलापूरची आई:
दाखवून आले. डॉक्टरांनी दुर्बिणीनं बघितलं, डावा पडदा लालभडक, फुगलेला. औषध चालू केलंय, दोन दिवसांत ताप उतरला नाही तर परत बोलावलंय. आज दुपारी दीड तास आडवी झोपली. खालचा एक दातही निघालाय, त्यामुळं सासूबाई खूश. लसणाचं तेल त्यांनी गुपचूप आमटीच्या फोडणीत घातलं.