न जगलेले आयुष्य कथेत लिहावे काय?

बालाघाट, केज :
दसरा-दिवाळी झाली की आमच्या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. अशा टोळीतील एका स्त्रीवर मला दीर्घकथा लिहायची आहे आणि ती तिच्याच निवेदनातून यावी, असे वाटते. मी मात्र बँकेत नोकरी करतो. कोयता कधी धरलेला नाही, कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, राहिलेलो नाही. दलित आणि ग्रामीण साहित्याने अनुभवाच्या सच्चेपणाला जे मोल मिळवून दिले ते मला मान्य आहे, आणि म्हणूनच दुसऱ्याच्या दुःखावर कल्पनेने लिहिणे ही उसनवारी तर ठरणार नाही ना, या शंकेने पहिल्या पानापुढे मजल जात नाही. जाणकारांनी मत द्यावे.

दुधनाकाठ :
अनुभवाची अट इतकी कडक लावली, तर आत्मकथनाखेरीज फारसे काही उरणार नाही. रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ ही 1971 सालची कादंबरी गावातल्या शिंप्याच्या बायकोच्या तोंडून येते, आणि ती लिहिली आहे एका पुरुषाने. तरी ते निवेदन उपरे वाटत नाही, कारण तिथली बोली शब्दांपुरती नाही. ती बाई कशाकडे पाहते, कशावर कुढते आणि काय गिळून टाकते, हे त्या बोलीतूनच ठरत जाते.

मन्याड :
दुधनाकाठ यांच्याशी मी अर्धाच सहमत आहे. बोली साधली तरी काम माहीत नसेल तर कथा पोकळ राहते. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता धरतात आणि मुकादमाची, म्हणजे टोळी जमवणाऱ्याची, उचल (आगाऊ दिलेली रक्कम) त्या जोडीवर चढते. नवरा ऊस तोडत पुढे जातो. बाई मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते, आणि वाहन अपरात्री आले तर झोपेतून उठून ते भरू लागते. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून सुटे पैसे येतात, ते कोणाच्या हातात पडतात? माझ्या मते कथा तिथे आहे. बीडमधील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची 2019 साली चर्चा झाली, त्यानंतर नवोदितांच्या कथा थेट दवाखान्यात उघडताना मी पाहतो. तो प्रश्न गंभीर आहेच; पण बातमी जिथे पोहोचली तिथेच कथाही थांबणार असेल, तर ती लिहायची कशाला?

गोदातीर, नांदेड :
सर, आपली खुर्ची का सोडता? पाडव्याच्या सुमारास टोळ्या परततात, तेव्हा पावतीवर अंगठा कोण उठवतो, पैसे मोजून कोण घेतो आणि ती कुठे उभी असते, हे आपण काउंटरमागून पाहतच असाल. निवेदक तिथेच बसवा. त्याला जे दिसत नाही, ते न दिसणेसुद्धा कथेत येऊ द्या.

बालाघाट, केज :
सर्वांचे आभार. गोदातीर यांची सूचना मोहात पाडणारी आहे, परंतु तसे केल्यास ती कथा कारकुनाच्या हळहळीची होईल आणि बाई पुन्हा काचेपलीकडेच राहील, अशी धास्ती वाटते. तूर्त तिच्याच तोंडून एक प्रकरण लिहून पाहतो. मन्याड यांना एक विचारायचे आहे : हंगामात उचल फिटली नाही, तर राहिलेल्या बाकीचे काय होते?

मन्याड :
ती पुढच्या हंगामाच्या उचलीतून वळती करून घेतात. आमच्याकडे हिशेबाची वही मुकादमाजवळच असते. आपल्या नायिकेला वाचता येते की नाही, हे मात्र लिहिण्यापूर्वी ठरवून घ्या. त्यावर पुढचे पुष्कळ अवलंबून आहे.